अप्पांची लाट

खंडोजीरावांनी उभं आयुष्य लोकांचे डोळे तपासण्यात घालवलं, आणि स्वतःचा चष्मा काढला तर त्यांना समोरचा माणूस बाई आहे की बुवा हेही कळत नसे. म्हैसूरच्या शिवरामपेठेत त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, वडिलांच्या वेळचं. घराण्यातले जुने लोक तिथल्या महाराजांच्या फौजेत होते. खंडोजीरावांच्या वाट्याला फौजेतलं आलं ते नुसतं नाव. माणूस स्वभावाने मऊ, आवाज हळू, आणि पाण्याला तर इतका भिणारा की श्रीरंगपट्टणला संगमावर गेले तरी चार पायऱ्या वर उभं राहूनच हात जोडायचे. लहानपणी तिथे एकदा पाय घसरला होता. तेवढं त्यांना जन्माला पुरलं होतं.

अशा माणसाने एका सकाळी कुवेंपुनगरातल्या आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बायकोला सांगितलं, "वनजा, मी सर्फिंग शिकणार."

वनजाबाई अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "काय शिकणार?"

"सर्फिंग. समुद्रात, लाटेवर उभं राहायचं. फळी असते पायाखाली."

"तुम्हाला न्हाणीत धड उभं राहता येत नाही. संक्रांतीला कोण आपटलं होतं?"

खंडोजीरावांनी आतल्या बंद खोलीकडे नुसती मान वळवली. वनजाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

त्या खोलीत सौम्या होती, त्यांची एकुलती एक मुलगी. दसरा संपल्यावर एका संध्याकाळी ती बेंगळूरहून आली, हातात फक्त पर्स, अंगावर घरातलेच कपडे. "थोडे दिवस राहते," एवढंच म्हणाली. जावई विजयचे फोन आधी रोज येत, मग कधीमधी. ती ते घेत नसे. काय झालं म्हणून वनजाबाईंनी विचारलं, सौम्याच्या मावशीने विचारलं, शेजारच्यांनीही आडून आडून विचारून घेतलं. सौम्या म्हणे, "काही नाही." काय खाणार विचारलं तर, "काहीही." बाहेर जाऊ या का, तर "तुम्ही ठरवा." हीच मुलगी शाळेत असताना पोहण्याच्या तलावातून ओढून काढावी लागायची. लहानपणी जेवायला बसली की ताटाकडे बघून आधी भांडण काढायची.

खंडोजीरावांनी मात्र काही विचारलं नव्हतं. ते रोज दुपारी दुकानातून जेवायला आले की तिच्या खोलीत चहा नेऊन देत आणि थोडा वेळ खुर्चीत बसून राहत. तसंच बसलेले असताना एकदा त्यांना तिच्या मोबाइलवर निळं पाणी हलताना दिसलं. आवाज बंद होता. कुणीतरी बाई लाटेवरून घसरत घसरत किनाऱ्याला येत होती.

"काय गं हे?"

"सर्फिंग, अप्पा."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. त्याच आठवड्यात दुकानात उडुपीकडचं एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघता बघता खंडोजीरावांनी त्याला इतकं विचारून घेतलं की शेवटी तो म्हणाला, "सर, तुम्ही स्वतःच जाऊन या ना एकदा." नंबरही त्यानेच दिला.

वनजाबाईंनी हातातली शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जायचं तर जा! पण एकट्याला मी सोडणार नाही, सांगून ठेवते! पोरीला बरोबर न्या! काही झालं तर मी कुणाला धरू?"

खोलीचं दार थोडं उघडलं. "अप्पा," सौम्या म्हणाली, "खरंच जाताय?"

"पैसे भरलेत," खंडोजीराव म्हणाले.

*

फेब्रुवारी महिना होता. बस हुणसूर सोडून पुढे निघाली. बैलकुप्प्याला गडद तांबड्या वस्त्रांतले तिबेटी भिक्षू उतरले, कुशालनगरला शाळेतल्या मुली चढल्या. घाटात गारठा होता, तो उतरून खाली आल्यावर गाडीत एकदम दमट ऊब शिरली आणि लोक स्वेटर काढायला लागले. सौम्या खिडकीला डोकं टेकून बसली होती. खंडोजीरावांनी तिला दोनदा हाक मारून काहीबाही दाखवलं. तिने दोन्ही वेळा बघितलं आणि मान हलवली.

ती जागा उडुपीच्या पलीकडे होती. नदी समुद्राला मिळायच्या आधी बराच वेळ त्याला समांतर वाहत जाते, आणि दोघांच्या मधे वाळूची एक लांब चिंचोळी पट्टी उरते. अशा पट्टीला तिकडे बेंगरे म्हणतात. एका अंगाला नदीचं हिरवं, निवांत पाणी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे माड, कोळ्यांची कौलारू घरं, वाळत घातलेली जाळी. होडीतून पलीकडे गेलं की मोटारीचा आवाज बंद. सर्फिंग शिकवणारा अर्जुन तिथलाच, तिशीतला, उन्हाने केस तांबूस झालेला. त्याच्या आईच्या घरातली समुद्राकडची खोली पाहुण्यांसाठी होती. त्या माउलीला सगळे अक्का म्हणत. तिने आल्याबरोबर नीर डोसे वाढले आणि खंडोजीरावांकडे खालपासून वरपर्यंत बघून लेकाला तुळूमधे काहीतरी विचारलं. अर्जुन हसला.

"काय म्हणाल्या?" खंडोजीरावांनी कन्नडमधे विचारलं.

"शिकणारं कोण, मुलगी की तुम्ही, असं विचारतेय."

"मी," खंडोजीराव म्हणाले आणि आणखी एक डोसा मागून घेतला.

पहिल्या सकाळी सौम्या ओढणी डोक्यावर घेऊन वाळूत बसली. अर्जुनने खंडोजीरावांना तंग निळा बनियन घालायला दिला, त्यात त्यांचं पोट फारच मनमोकळं दिसत होतं. वाळूवर बोर्ड ठेवून पालथं पडायचं, हात टेकायचे, एका झटक्यात पाय खाली घ्यायचे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा केलं. मग घोट्याला बोर्डाची दोरी बांधून दोघं कमरेइतक्या पाण्यात गेले. पाणी अंघोळीला काढल्यासारखं कोमट होतं. तरी खंडोजीरावांनी अर्जुनचा दंड सोडला नव्हता.

"चष्मा किनाऱ्यावर ठेवा, सर."

"मग मला लाट दिसायची कशी? चष्म्याला दोरी बांधलीय मागून. काही होत नाही."

पहिलीच लाट आली ती छातीएवढीच होती, पण खंडोजीराव तिच्याखालून बाहेर आले तेव्हा जगातल्या सगळ्या कडा पुसल्या गेल्या होत्या. वर पांढुरकं, खाली निळसर, मधे काहीतरी हलतंय. चष्मा नाही, दोरी नाही.

क्षणभर ते हातांनी नुसतं पाणी चाचपत राहिले. मग त्यांना आठवलं, की खोलीतल्या बॅगेत, टॉवेलाखाली दुसरा चष्मा आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बजावून सांगत, की प्रवासात जोडचष्मा हवाच. स्वतः कसे विसरतील? अर्जुनला सांगायचं, पाच मिनिटांत आणून देईल. त्यांनी तोंड उघडलंही. आणि जे बाहेर पडलं ते वेगळंच होतं.

"सौम्या! चष्मा गेला गं! मला काही दिसत नाही!"

पाणी थपथपवत कुणीतरी धावत आलं. ओली ओढणी त्यांच्या दंडाला चिकटली आणि ओळखीच्या हाताने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"अय्यो अप्पा! मी आहे, मी आहे. घाबरू नका. दुसरा आणलाय ना?"

"घाईत राहिला," खंडोजीराव म्हणाले. बोलताना ते समुद्राकडे बघत होते, म्हणजे समुद्र जिथे असेल असं त्यांना वाटत होतं तिकडे.

त्या दिवशी सौम्याने त्यांना हाताला धरून घरापर्यंत आणलं. "पायरी आहे. आता खाली जाळं, पाय उचला." दुपारी बंगड्याचे काटे काढून घास ताटात सारला. संध्याकाळी पडवीत बसवलं, टॉवेल आणून दिला, आणि सूर्य बुडताना कसा दिसतोय ते न विचारता सांगितलं. सांगताना मधेच थांबली, योग्य शब्द शोधला, तो मराठीत मिळेना म्हणून कन्नडमधे सांगितला. खंडोजीराव ऐकत होते. इतकं ती गेल्या चार महिन्यांत मिळून बोलली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी अर्जुनने अडचण सांगितली. "सर, मी बोर्ड धरून ढकलणार. लाट मागून येते, ती तुम्हाला दिसणार नाही आणि माझी पाठ तिच्याकडे असली तर मलाही नाही. कुणीतरी बाजूला उभं राहून सांगायला पाहिजे. ताई सांगतील."

"मला नाही कळणार," सौम्या लगेच म्हणाली.

"कळायचं काय त्यात? चांगली लाट आली की म्हणायचं, आता."

"चांगली कुठली ते कसं ठरवायचं?"

"बघून."

ती पाण्यात उतरली, आजही सलवार-कमीजमधेच. खंडोजीराव बोर्डावर पालथे पडले. गालाला बोर्ड खरखरीत लागत होता. मागून एक लाट आली, बोर्ड उचलून गेली. सौम्या काही बोलली नाही. दुसरी गेली. तिसरी गेली.

"ही... नको. पुढची. नाही, मागची चांगली होती बहुतेक."

बऱ्याच लाटा अशा गेल्या. खंडोजीरावांची मान अवघडली. तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता, भरभर, परीक्षेच्या हॉलबाहेर उभं असल्यासारखा.

अर्जुन शांतपणे म्हणाला, "ताई, चुकली तर काय होईल? सर पडतील. खाली वाळू आहे."

"पडू दे," खंडोजीराव बोर्डावरून म्हणाले. "मला काय, इथून तिथून सगळं सारखंच दिसतंय. तू सांगशील ती लाट."

आणखी एक लाट बोर्डाखालून निघून गेली. मग, "आता! अप्पा, आता!"

अर्जुनने ढकललं. खंडोजीराव गुडघ्यांवर आले, एक पाय पुढे टाकला आणि डोक्यावर आपटले. नाकातोंडात पाणी गेलं. हात हवेत, पाय कुठे ते माहीत नाही. वर आले तेव्हा खोकत होते, थुंकत होते, आणि सौम्या रडवेल्या आवाजात म्हणत होती, "चुकलं, अप्पा, माझं चुकलं, ती मोठी होती..."

"फस्क्लास होती!" खंडोजीराव खोकल्यातून ओरडले. "दुसरी सांग!"

तिने दुसरी सांगितली. तेव्हाही ते आपटले. तिसरीला बोर्ड एकीकडे गेला आणि ते दुसरीकडे. चौथीच्या वेळी निळा बनियन वर सरकून गळ्याशी आला आणि ते तसेच फेसात बसकण मारून "पुढची कुठाय?" असं भलत्याच दिशेला तोंड करून विचारायला लागले, तेव्हा सौम्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. तिला हसू आवरेना, म्हणून ती पाण्यातच खाली बसली. खंडोजीरावांना तिचा चेहरा दिसत नव्हता. ते ज्या बाजूने हसू येत होतं तिकडे तोंड करून उभे राहिले आणि बनियन नीट करायचं विसरले.

त्यानंतर तिचा आवाज बदलला. "नको, ही फुटतेय. थांबा. थांबा... येतेय एक, लांब आहे, बघू नका, तयार राहा. आता!" ऊन डोक्यावर आलं तेव्हा एकदा खंडोजीरावांचे दोन्ही पाय बोर्डावर आले. गुडघे वाकलेले, बूड मागे, हात पसरलेले. खालून काहीतरी जिवंत सरकत होतं आणि त्यांना पुढे नेत होतं. दिसत काही नव्हतं. मागून मुलीचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं. तीन-चार श्वासांपुरतंच ते टिकलं असेल. मग ते बाजूला कलंडले, पण वर आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पाणी नाकात गेलं तरी भीती वाटली नाही.

*

दुपारी दोघं पट्टी ओलांडून नदीच्या बाजूला गेले. पट्टी एवढी अरुंद की हाक मारली तर पलीकडे पोचावी. तिथे माडाच्या सावलीत, पाण्यात पाय सोडून बसले. सौम्याने त्यांचा हात धरलेलाच होता.

"अप्पा, तुम्ही मला कधी विचारलं नाही, मी का आले ते."

"तुला सांगावंसं वाटलं तर सांगशील, असं म्हटलं."

सौम्याने पायाने पाणी ढवळलं. "मारायचा वगैरे नाही हो तो. लोकांना तेच वाटतं. तो हसायचा. मी भाजी घेतली की हसायचा, ही काय घेतलीस. साडी नेसले की हसायचा. चार लोकांत मी काही बोलले की माझं वाक्य तोच पुरं करायचा आणि लोकांना सांगायचा, आमच्या बाईसाहेब म्हैसूरच्या, म्हणजे सगळं हळू. सगळे हसायचे, मीही हसायची. मग मी त्याला विचारूनच सगळं करायला लागले. मग विचारते म्हणून हसायला लागला."

खंडोजीराव ऐकत होते. पाण्यातले त्यांचे पाय हलायचे थांबले होते.

"त्या दिवशी खाली दुकानात साबण आणायला गेले. साधा अंगाचा साबण, अप्पा. समोर सगळे साबण मांडलेले. कुठला घेतला तर तो हसणार नाही, हे मला ठरवताच येईना. उभीच राहिले. दुकानदाराने दोनदा विचारलं, काय पाहिजे मॅडम. मागे रांग लागली."

"मग?"

"मग काही न घेता बाहेर आले. रिक्षा उभी होती. त्याने विचारलं कुठे, मी म्हटलं बसस्टँड. म्हैसूरची गाडी लागलेली होती."

खंडोजीरावांना खूप काही बोलावंसं वाटलं. जावयाला काय म्हणावं तेही मनात आलं, आणि आपण लग्नात त्याच्याच एका विनोदावर किती मोठ्याने हसलो होतो तेही. पण त्यांनी तिच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला. "बरं केलंस," ते म्हणाले. "सरळ घरी आलीस ते फार बरं केलंस."

"मी परत जाणार नाही, अप्पा."

"आयतु," खंडोजीराव म्हणाले. झालं, ठरलं, असं. मग थोड्या वेळाने, "तुझ्या आईला तू सांगतेस की मी सांगू?"

"मीच सांगते," सौम्या म्हणाली. आणि मग ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, मोकळेपणी, लहान मुलीसारखी आवाज करून. अक्काची म्हैस जवळ चरत होती, ती मान वर करून बघायला लागली.

तिसऱ्या सकाळी खंडोजीराव जागे झाले तेव्हा उशाशी काहीतरी कडक लागलं. त्यांनी चाचपलं. चष्म्याचं घर होतं. उघडून चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि समोर सौम्या उभी होती. तिने अर्जुनच्या बहिणीचा घेतलेला काळा, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला होता आणि केस घट्ट बांधले होते.

खंडोजीरावांचे कान तापले. "हा... हा कुठे सापडला?"

"टॉवेलाखाली. पहिल्याच संध्याकाळी."

"मग दिला का नाहीस?"

ती केसांचं रबर पुन्हा एकदा घट्ट करत म्हणाली, "कुणीतरी माझ्या भरवशावर पाऊल टाकतंय, ते मला बरं वाटत होतं."

"आणि मग आज?"

"आज मी जाणार आहे पाण्यात. तुम्हाला दिसायला नको?"

ती खरंच गेली. अर्जुन बरोबर होता, पण थोड्याच वेळात तो बाजूला राहिला. तिचे खांदे अजून पोहणारीचे होते, पाण्यात गेल्याबरोबर ते आठवण झाल्यासारखे चालायला लागले. फेस ओलांडून ती लांब गेली, बोर्डावर उठून बसली आणि समुद्राकडे तोंड करून थांबली. एक लाट तिने जाऊ दिली. दुसरी जाऊ दिली. खंडोजीराव किनाऱ्यावर उभे होते, दोन्ही हातांनी चष्मा धरून. त्यांनी हाक मारली नाही, सुचवलं नाही. तिसरीला ती वळली, हात मारले आणि उठली.

तोल गेला. पडली. पुन्हा लांब गेली.

नंतरच्या एका लाटेवर ती उभी राहिली ती राहिलीच. हात थोडे बाजूला, हनुवटी वर, आणि हिरव्या पाण्याच्या उतारावरून सरळ किनाऱ्याकडे येत राहिली, फेस मागे धावतोय, ती पुढे. खंडोजीरावांना तिच्या भुवईवरचे थेंबसुद्धा दिसत होते, निदान त्यांनी नंतर वनजाबाईंना तसं सांगितलं. ते चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरले होते आणि काहीतरी ओरडत होते, ते मराठीत होतं की कन्नडमधे ते त्यांना आठवत नाही.

*

परत येताना ते एकटेच आले. सौम्याने थोडे दिवस तिथे राहायचं ठरवलं होतं. अर्जुनला पाहुण्यांचे फोन घ्यायला, मुलांना पोहणं शिकवायला कुणी हवं होतं, आणि अक्काला ती आवडली होती. वनजाबाईंना तिने फोनवर सगळं स्वतः सांगितलं. वनजाबाई फोन ठेवून देवघरासमोर बसून राहिल्या आणि मग उठून त्यांनी मुलीसाठी चकल्या करायला घेतल्या.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, सौम्या घरी आली. विजय आणि त्याचे काका तिला समजवायला आले, बैठकीच्या खोलीत बसले. काकांनी खंडोजीरावांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"तिला विचारा," खंडोजीराव म्हणाले.

सौम्याने सांगितलं. हळू, थांबत थांबत, पण पुरं वाक्य बोलून. विजय एकदा मधे बोलायला गेला. ती थांबली, त्याचं बोलणं संपू दिलं आणि मग जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलली. ते लोक चहा न घेता गेले. पुढे वकील, कोर्ट वगैरे व्हायचं होतं आणि ते बरेच दिवस चालणार होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दुपारी जेवण मात्र झकास झालं.

जेवल्यावर वनजाबाईंनी मुलीला मागच्या अंगणात पाटावर बसवलं आणि तिच्या खांद्यांना खोबरेल तेल चोळायला घेतलं. उन्हाने कातडी सोलवटली होती, नाकाचा शेंडा लाल झाला होता. "काय ही दशा करून घेतलीस," त्या पुटपुटत होत्या. "कोण म्हणेल ही म्हैसूरची मुलगी?"

"अम्मा, हळू, दुखतंय. आणि इथे नको, वर चोळ. तिथे."

"इथे?"

"अजून थोडं वर. हं, तिथे."

खंडोजीराव दारात उभे राहून ऐकत होते. दुकान उघडायची वेळ केव्हाच होऊन गेली होती.